रिकाम्या खोलीतली ओवी

एव्हरशाईन सिटी, वसई पूर्व
१८ सप्टेंबर

चि. जितू,

तुझा मेसेज मिळाला. 'भावोजी, काय असेल ते पत्रानं कळवा.' एवढाच. आता या वयात मला पोस्टाची पाकिटं शोधत हिंडायला लावलंस. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, काका, व्हॉट्सअ‍ॅप नाही का तुमच्याकडे? मी म्हटलं, आहे, पण बायकोच्या भावाची आज्ञा मोडवत नाही.

तू फोनवर का बोलत नाहीस हे मी विचारणार नाही. मला त्याचा अर्थ कळतो, किंवा कळतो असं वाटतं. ते राहू दे.

काम असं आहे. तू आम्हांला स्वतःच्या हातानं बांधून दिलेले ते दोन लाकडी स्पीकर बिघडलेत. इतकी वर्षं त्यांनी कधी कुरकुर केली नाही. आता आवाज भरपूर येतो, पण शब्द येत नाहीत. एक शब्द संपायच्या आत दुसरा त्याच्या पाठीवर चढतो. म्हणून मी बटण आणखी फिरवतो, तर चढाचढ आणखी वाढते. खालच्या मजल्यावर बेला नावाच्या बाई राहतात. त्यांचा नवरा रात्रपाळी करून दुपारी झोपतो. त्या आधी हसत सांगून गेल्या, मग न हसता, आणि आता सोसायटीकडे तक्रार गेली आहे.

संकेतनं निकाल देऊन टाकला. आईचं वर्षश्राद्ध होईपर्यंत स्पीकर राहू देतो, मग काढायचे. त्याच्या मते स्पीकर ठणठणीत आहेत, माझे कान गेलेत. "बाबा, तुम्हांला ऐकू येत नाही हे एकदा मान्य करा," असं तो जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला. उन्नतीनं माझ्या ताटात न विचारता भात वाढला. सासरा बिचारा झाला की सुना असा भात वाढतात.

तेव्हा दुरुस्ती कशी करायची ते कळव. मी ऐकतो काय म्हणशील, तर असंच. भजनं, बातम्या.

तुझा,
शांताराम

*

कणकवली
२७ सप्टेंबर

भावोजी,

नमस्कार. पत्र मिळालं, अक्षर अजून तसंच कारकुनी आहे.

स्पीकरची जाळी काढून आतल्या पडद्याची कड बोटानं हलकेच तपासा. चुरा होत असेल तर कड गेली. तसं नसेल तर स्पीकर चांगले आहेत आणि संकेत म्हणतो ते बरोबर असू शकेल. कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या. त्यात लाज कसली? माझा जन्म नाटकांच्या आवाजाच्या व्यवस्थेत गेला, म्हणून सांगतो. कान एकदम जात नाहीत. आधी माणसाला वाटतं की बाकीचे लोकच पुटपुटायला लागलेत. ज्याचे जातात त्याला सगळ्यांत शेवटी कळतं.

तोवर बटण फिरवू नका. शब्द लागत नसले तर आवाज वाढवून लागत नाहीत, एवढं नक्की.

तुमचा,
जितू

*

वसई
९ ऑक्टोबर

चि. जितू,

स्पीकरची कड शाबूत आहे. आणि आता ऐक. कान तपासून आलो. काचेची खिडकी असलेल्या पेटीत बसवून त्यांनी मला शिट्या ऐकवल्या, शब्द म्हणायला लावले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयाच्या मानानं छान आहेत, यंत्राची गरज नाही. त्या पेटीच्या भिंतींना जाड मऊ गाद्या लावल्या होत्या आणि तिथं मला बाईंचं हळू बोलणंही स्वच्छ कळत होतं. घरी येऊन कागद संकेतपुढे ठेवला. त्यानं वाचला, घडी घातली आणि म्हणाला, मग आवाज एवढा मोठा का लागतो?

आता खरं लिहितो. मी भजनं ऐकत नाही, बातम्याही ऐकत नाही. सुनंदाला ऐकतो. तुमच्या आईच्या ओव्या ती म्हणायची, त्या तू कणकवलीच्या घरी टेपवर धरून ठेवल्या होत्यास आणि नंतर पेनड्राइव्हवर घालून दिल्यास. त्या. ती होती तेव्हा मी तो कधी लावला नाही. जिवंत बायको स्वयंपाकघरात गुणगुणत असताना पेनड्राइव्ह कोण लावतो? आणि तिच्या गुणगुणण्याकडे तरी मी कुठं लक्ष दिलं. चाळीस वर्षं कानावरून गेलं आणि मनात एक ओवी धड उरली नाही, ही माझी कमाई.

त्यातली एक भावाची आहे. दाराशी दिवा लावून ती वाट बघते, भाऊ दिसतो, आणि मग शेवटचा अर्धा चरण खोलीत विरघळून जातो. तेवढ्याच ठिकाणी मी बटण फिरवतो, आणि तेवढ्याच ठिकाणी खालून बेलाबाई छताला काठी लावतात.

संकेतनं महागाचे हेडफोन आणले. मुलाचं मन मोडू नये म्हणून लावले. शब्द बरे लागतात, पण तिचा आवाज माझ्या डोक्याच्या आत येतो. सुनंदा कधी माझ्या डोक्यात बोलली नाही, समोरून बोलली, बहुतेक वेळा स्वयंपाकघराच्या दारातून. दोन मिनिटांत काढून ठेवले.

तुझ्याकडे मूळ टेप आहे. ती लाव आणि तो चरण मला लिहून पाठव. पण पाठवलास तरी मला तो तिच्या तोंडून ऐकायचा आहे, या खोलीत, स्पीकर जायच्या आत. हट्ट म्हण हवं तर.

शांताराम

*

कणकवली
२१ ऑक्टोबर

भावोजी,

कान चांगले निघाले, फार बरं वाटलं. मी चुकलो.

म्हणजे दोष ना स्पीकरचा ना कानाचा. उरली खोली. मी तुमचं घर पाहिलं ते ताईच्या वेळचं. त्यानंतर काय बदललं ते सगळं लिहा. भिंती, फरशी, पडदे, काय होतं आणि काय गेलं, काही सोडू नका. स्पीकर कुठं ठेवलेत आणि तुम्ही कुठं बसता तेही लिहा. आणि हॉलच्या मध्ये उभं राहून एक टाळी वाजवा. टाळी जागच्या जागी संपते की तिला शेपूट येतं ते कान देऊन ऐका.

जितू

*

वसई
४ नोव्हेंबर

चि. जितू,

दिवाळी झाली, म्हणजे झाली नाही. पहिलं वर्ष, आकाशकंदील लावला नाही.

टाळी वाजवली. हॉलमध्ये वाजवली, बेडरूममध्ये वाजवली, जिन्यात वाजवली, माझ्या कपड्यांच्या कपाटात डोकं घालून वाजवली. उन्नतीनं ते पाहिलं आणि संकेतला फोन केला. संध्याकाळी तो ऑफिसातून लवकर आला आणि माझ्याशेजारी बसून मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला, आणि तुझ्या मामानं टाळ्या वाजवायला लावल्यात असंही सांगितलं. त्यानं त्याचं समाधान झालं नाही.

कपाटात टाळी जागच्या जागी मेली. हॉलमध्ये तिला शेपूट येतं, चांगलं लांब.

आता काय बदललं ते. तू लिहायला सांगितलंस म्हणून बसलो, आणि लिहिताना मलाच ते पहिल्यांदा दिसलं. ती ज्या गादीवर आजारात झोपायची ती गादी, उशी आणि चादर तेराव्याला शय्यादानात गेली. ते रीतीनंच झालं, त्याबद्दल बोलणं नाही. मग तिनं जुन्या साड्यांच्या शिवलेल्या गोधड्या, चांगली चळत होती, त्या वॉचमनच्या घरी दिल्या. तिचं कपाट रिकामं करून साड्या भाचेसुनांना वाटल्या, आणि रिकामं कपाट कशाला म्हणून तेही गेलं. कापसाची जाड बैठक भिंतीशी होती, जिच्यावर तिच्या भजनाच्या बायका बसायच्या, ती वाळवी लागेल म्हणून काढली. पडदे धुवायला म्हणून उतरवले ते पुन्हा चढले नाहीत, त्या जागी आता अख्ख्या भिंतीची काच आहे. खाली चकचकीत टाइल्स, मध्ये काचेचं टेबल, कोपऱ्यात काचेचा रॅक आणि त्या कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून तुझे स्पीकर. मी समोरच्या भिंतीशी खुर्चीत.

उन्नतीला दोष देऊ नकोस. तिनं मला सांगितलं होतं, "बाबा, आईंची वस्तू दिसली की तुम्ही जेवत नाही, म्हणून काढते." खरं होतं ते. मीच हो म्हटलं. सुनंदाचं काही डोळ्यांसमोर राहू नये म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून घर झाडून घेतलं.

ओवीच्या चरणाबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. टेप लावायला किती वेळ लागतो? जितू, आता पाटी कोरी करू या. ती गेली त्या पहाटे मी तुला सारखा फोन करत होतो. तू उचलला नाहीस. दुपारपर्यंत थांबलो, मग नातेवाईक म्हणाले की आणखी ठेवता येणार नाही. तू पोचलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. तू माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस, मान खाली घालून बसलास आणि रात्रीच्या गाडीनं परत गेलास. तेव्हापासून फोन नाही. बहिणीचं तोंड बघायला मिळालं नाही याचा राग तुझ्या मनात असेल तर तो मला शिव्या देऊन काढ. पण तिची ओवी माझ्यापासून अडवून ठेवू नकोस.

शांताराम

*

कणकवली
१२ डिसेंबर

भावोजी,

उत्तराला उशीर झाला. हे पत्र लिहून फाडलं, पुन्हा लिहिलं.

मला राग नाही, कधीच नव्हता. मला ऐकू येत नाही.

त्या पहाटे फोन माझ्या उशाशी होता आणि वाजत होता. शेजारची बाई सकाळी दार ठोठावून थकली आणि खिडकीतून हात हलवायला लागली, तेव्हा मी उठून फोन पाहिला. तुमच्याकडे पोचलो तेव्हा तुम्ही बोलत होता, सगळेच बोलत होते, आणि मला नुसते ओठ दिसत होते. काय सांगणार होतो? बहीण गेली त्या दिवशी मी स्वतःचं दुखणं काढून बसू? म्हणून मान खाली घातली. जन्मभर मोठ्या स्पीकरच्या शेजारी उभा राहिलो, पडदा उघडण्याआधीपासून पडेपर्यंत, आणि जत्रांच्या ऑर्केस्ट्रात तर विचारू नका. दुसऱ्यांना आवाज बेताचा ठेवायला सांगायचो आणि स्वतः भोंग्याला कान लावून उभा असायचो. यंत्र घेतलं आहे. त्यानं शांत जागी समोरासमोर एक माणूस कसाबसा कळतो, फोन कळत नाही, गाणं तर मुळीच नाही. ताईची टेप तुमचं पत्र आलं त्या दिवशीच लावली होती. बटण शेवटपर्यंत फिरवलं. शेजारची बाई पुन्हा खिडकीत आली.

तो चरण मलाही आठवत नाही, भावोजी. टेप करताना मी नुसता आवाजाचा काटा बघत होतो.

आता तुमच्या खोलीबद्दल, कारण ते मला अजून येतं. स्पीकरमधला आवाज तुमच्यापर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक सरळ, आणि एक भिंतींवर, काचेवर, फरशीवर आपटत, उशिरा. घरात गादी, गोधडी, पडदे असले की हा उशिरा येणारा त्यांच्यात जिरतो आणि सरळ आलेला शब्द मोकळा राहतो. तुमच्या घरात आता जिरवणारं काही उरलं नाही. बटण फिरवलं की दोघांचंही बळ सारखंच वाढतं, म्हणून मोठं होतं, स्पष्ट होत नाही. आणि स्पीकर कोपऱ्यात टेकवले की घुमणारा भाग आणखी फुगतो, तोच भिंतींतून खाली बेलाबाईंकडे जातो. स्पीकर भिंतीपासून पुढे घ्या, खुर्ची त्यांच्याजवळ आणा आणि आवाज कमी करा. भीत भीत नाही, चांगला कमी करा.

यानं अर्धं काम होईल. उरलेल्या अर्ध्यासाठी आम्ही नाटकवाले एक गोष्ट करायचो. दुपारी रिकाम्या थिएटरात आवाज लावला तर तो घुमायचाच. नवी पोरं घाबरायची. मी म्हणायचो, थांबा, संध्याकाळी लोक येऊन बसू देत. माणसांच्या अंगाइतकं आवाज जिरवणारं दुसरं काही नाही.

ताईच्या भजनाच्या बायका हल्ली येत नाहीत का? तुमच्या पत्रात त्यांची बैठक गेल्याचं आलं, त्या दिसल्या नाहीत.

जितू

*

वसई
६ जानेवारी

प्रिय जितू,

तुझं पत्र वाचून मी बराच वेळ गॅलरीत जाऊन बसलो. इतके महिने तू रागावलायस असं धरून मी त्या रागाला उत्तरं देत होतो, आणि तो राग नव्हताच. संकेतला वाचायला दिलं. त्यानं स्पीकर रॅकवरून उतरवले, दोन लाकडी स्टुलांवर ठेवले आणि भिंतीपासून पुढे ओढले. मी खुर्ची जवळ घेतली. बटण निम्म्यावर. जितू, बऱ्याच ओव्या लागायला लागल्या. भावाची मात्र अजून तिथंच बुडते.

मग मी एक आगाऊपणा केला. वॉचमनकडे गेलो, एखादी गोधडी आठवडाभर मिळेल का बघायला. वाटेत हंसाबाई भेटल्या. तुला आठवत असतील, खाडीकडच्या गावातल्या, शेतीवाल्या, सुनंदाच्या भजनात झांज वाजवायच्या. कुठं चाललात विचारलं, मी सांगितलं, तर रस्त्यातच थांबवलं मला.

"भाऊ, दिलेलं मागं घेतात का? सुनंदाच्या नावानं दिलंय ना तुमी? जावा घरी."

मी घरी न जाता त्यांना सगळं सांगितलं, तुझं थिएटरचंसुद्धा. तो चरण विचारला. त्यांनी दोनदा सुरुवात केली आणि अडल्या. सुनंदा पुढं म्हणायची आणि आम्ही मागून, असा एकटीनं आठवत नाही, म्हणताना येतो, म्हणाल्या. मग मी विचारलं की तुम्ही सगळ्या यायच्या का थांबलात. त्या पदर सावरत उभ्या राहिल्या.

"तुमी बोलावलं नाय. आनि घर आता असं काचेचं केलंय, वाटलं आमची मानसं तुमाला नको असतील."

मी हे उन्नतीला सांगितलं तेव्हा ती रडली. तिला वाटत होतं की बायका आल्या तर मला त्रास होईल. बायकांना वाटत होतं की सून येऊ देणार नाही. आणि मी खुर्चीत बसून बटण फिरवत होतो.

वर्षश्राद्ध फेब्रुवारीच्या नऊ तारखेला आहे. बायका दुपारी येणार आहेत. तू ये. ऐकू येत नाही म्हणून कशाला जायचं असं म्हणशील, तर मला ते चालणार नाही. तुझ्या बहिणीच्या घरात तुझी जागा ऐकण्यासाठी ठेवलेली नाही.

तुझा,
शांताराम

*

कणकवली
१७ फेब्रुवारी

भावोजी,

सुखरूप पोचलो. उन्नतीनं बांधून दिलेल्या पोळ्या रत्नागिरीपर्यंत पुरल्या.

तिथं असताना माझ्याशी बोलायला तुम्ही सगळ्यांनी कागद हातात घेतला, पण त्या दुपारनंतर मी काही लिहिलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाहीत. आता लिहितो.

पिंडदान आटोपून जेवणं झाली. बायका एकेक करून यायला लागल्या, आधी दाराशीच घुटमळल्या. उन्नतीनं सोसायटीच्या हॉलमधून सतरंज्या आणून ठेवल्या होत्या, काचेचं टेबल आत नेलं होतं, आणि तिनं हंसाबाईंचा हात धरून त्यांना मधोमध बसवलं. मग खोली भरली. सुती साड्या, शाली, मांडीवरची नातवंडं. मी सवयीनं एक टाळी वाजवली. तिचं शेपूट मला कळणार नव्हतं, पण तुम्ही माझ्याकडे बघून मान हलवलीत, म्हणजे शेपूट गेलं होतं.

संकेतनं बटण फिरवलं. मी त्याच्या बोटाकडे बघत होतो. जेमतेम हललं. मी मनात म्हटलं, एवढ्यानं काय होणार. तेवढ्यात दारात बेलाबाई आल्या. त्यांनी उन्नतीला काय विचारलं ते तिनं मला नंतर लिहून दाखवलं. "आज आंटींची बरसी ना? मग लावलं नाही का काही? खाली काहीच येत नाही." आणि त्यांना ऐकू आलं की लावलेलं आहे, तशा त्या चपला काढून मागच्या रांगेत बसल्या.

मी स्पीकरजवळ होतो. लाकडावर हात ठेवला, थोडं थरथरत होतं. ताईचा आवाज माझ्या तळव्याखाली होता आणि मला त्यातलं काही कळत नव्हतं. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला तुम्हां सगळ्यांचा हेवा वाटला. उठून गॅलरीत जाणार होतो.

मग हंसाबाईंचे ओठ हलले. त्यांच्या शेजारणीचे हलले. मग सगळ्यांचेच. मोठ्यानं कोणी म्हणत नसावं, कारण तुमचे डोळे मिटलेले होते आणि तुम्ही त्रासलेले दिसत नव्हता. त्या ताईच्या मागून म्हणत होत्या, पूर्वी म्हणायच्या तशा. रंगमंचाच्या बाजूला उभं राहून मी जन्मभर नटांचे ओठ बघत आलोय, कोणत्या शब्दावर कुठला आवाज वाढवायचा ते ओठांवरूनच ठरवायचो. इथं सगळे ओठ एकच शब्द म्हणत होते. माझ्या बहिणीची ओवी मी त्या बायकांच्या तोंडावर वाचली, आणि ती माझ्या मनात तिच्याच आवाजात आली. भावाची ओवी आली तेव्हा तुमचे डोळे उघडले आणि तुम्ही सरळ माझ्याकडे पाहिलंत. म्हणजे तुम्हांलाही ती मिळाली.

तरी तुम्ही मला तो चरण लिहून पाठवायला सांगितलं होतं. ते काम राहिलं होतं, म्हणून पुरी ओवीच लिहितो.

दिवा लावूनी दाराशी, वाट बघू किती बाई
दिसला गं बंधु माझा, हाक मारायाची नाही.

भाऊ नजरेला पडला, मग हाकेची गरजच काय. ताईला माझे कान जातील हे कुठून माहीत असणार. आईची ओवी, आईच्याही आधीची असेल. पण त्या पहाटेच्या फोनचं जे ओझं मी वर्षभर वाहत होतो ते मी तुमच्या घरी, त्या सतरंजीवर उतरवून आलो. तिची हाक मला ऐकू आली नाही यापलीकडे मी विचारच करत नव्हतो.

संकेतनं स्पीकर राहू द्यायचं ठरवलं हे त्यानं मला कागदावर लिहून दिलं, खाली सहीसकट. तो कागद जपून ठेवा, पोरगं कारकुनाचं आहे. बायकांना दर महिन्याला बोलवा.

मे महिन्यात येतो. त्या दिवशी दार नुसतं लोटून ठेवा.

तुमचा,
जितू